पावडरबाईचे सहा ग्लास

हॉस्पिटलात तोंडावर मला सगळे ‘परब मॅडम’ म्हणायचे आणि पाठ वळली की ‘पावडरबाई’. मला ते कळलं आमच्या मजल्यावरच्या आयाबाईंमुळे. त्या फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, ‘‘थांब गं, पावडरबाय राउंडला आलीय. ती गेली की बोलते.’’ मी कोपऱ्यावरच उभी होते. राग यायला हवा होता, पण खरं सांगते, छाती जरा फुगलीच. अंधेरीसारख्या ठिकाणी एवढ्या माणसांच्या गर्दीत आपल्याला टोपणनाव मिळणं म्हणजे काहीतरी कमावलं, असं मला वाटलं होतं.

मी आहारतज्ज्ञ. एकतीस वर्षं त्या एका खाजगी हॉस्पिटलात काढली. लोकांना वाटतं, आहारतज्ज्ञ म्हणजे वजन उतरवून देणारी बाई. लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसून कुणी दुसरी जिलेबी घेत नाही. हॉस्पिटलातलं काम नेमकं उलटं असतं. कुणाचा घसा रेडिएशनने सोललेला, कुणाची केमोने चव गेलेली, कुणाचं पोट ऑपरेशननंतर आखडलेलं. चार घास जायची मारामार. मग ताटातून जे पोटात जायला हवं, ते ग्लासात बसवायचं. त्यासाठी ती डब्यातली पावडर. तिच्यात दुधातली प्रथिनं असतात, थोडं तेल, थोडी साखर, जीवनसत्त्वं, क्षार. तिने आजार बरा होत नाही, माणसाला उपचार सोसण्याइतकं बळ राहतं. मधुमेहाच्या पेशंटला वेगळी, किडनीच्या पेशंटला वेगळी, त्यामुळे शेजारणीने सांगितली म्हणून डबा आणायचा नाही. कोमट पाण्यात चमचे मोजून घालायचे, गुठळ्या मोडायच्या, सावकाश प्यायचं. दिवसातून कितीदा, ते आम्ही कागदावर लिहून द्यायचो. त्या कागदाला आमच्यात म्हणतात चार्ट.

माझा चार्ट हॉस्पिटलभर प्रसिद्ध होता. सहा ग्लास, सहा वेळा, आणि प्रत्येक वेळेपुढे नातेवाइकाची सही. सहीचा रकाना ही माझी स्वतःची भर. माझी अशी समजूत होती, की सही करताना माणूस खोटं बोलत नाही. यावरून माझी हुशारी तुमच्या लक्षात येईल.

घाटकोपरच्या एका गुजराती आजींना तीन मुलगे होते. तिघंही आईवर जीव टाकणारे आणि एकमेकांशी अबोला धरलेले. एकाच इमारतीत तीन मजल्यांवर तीन बिऱ्हाडं. आजी घरी जाणार त्या दिवशी तिघंही वेगवेगळे येऊन माझ्याकडून चार्ट घेऊन गेले. मी खूश. किती जागरूक कुटुंब! चौथ्या दिवशी आजी परत दाखल, जुलाबांनी अर्धमेल्या झालेल्या. तिन्ही घरांतून सहा-सहा ग्लास येत होते. तिन्ही चार्टवर सह्या अगदी चोख. मी आजींना म्हटलं, ‘‘अहो, आत्ताच प्यायले, असं सांगायचं ना!’’ त्या म्हणाल्या, ‘‘बेन, दिवसातून अठरा वेळा कोणी ना कोणी माझ्या खोलीत येत होतं. मी कशाला बंद पाडू?’’

मी चार्टवर खाली ओळ छापून घेतली: ‘एका रुग्णासाठी एकच चार्ट.’ आजींच्या बोलण्यातून मी एवढंच शिकले.

दुसरी गोष्ट सांगताना मला अजून कानकोंडं होतं. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या एक बाई होत्या, यमुनाबाई. नवऱ्याच्या घशाला रेडिएशन चालू होतं. त्या स्वतः बाजारात मासळी विकायला बसायच्या आणि तिथून थेट हॉस्पिटलात यायच्या. दोन आठवडे झाले तरी नवऱ्याचं वजन उतरतच होतं. मी त्यांना समोर बसवून झापलं.

‘‘सहा ग्लास देता का?’’

‘‘देते. पन तो वास घेतो नि तोंड फिरवतो. बोलतो, गोड गोड मारतंय.’’

‘‘औषध समजून प्यायला सांगा.’’

‘‘मॅडम, औषध एक घोट असतंय. हे तुमचं तांब्याभर.’’

मला उलट बोलणारे नातेवाईक आवडत नसत. फाइलवर मी शेरा मारला, ‘नातेवाईक सहकार्य करत नाहीत.’ पुढच्या आठवड्यात नवऱ्याचं वजन थांबलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात किलोभर वाढलं. मी चार्ट मागितला, तर कोरा.

‘‘मग देता काय याला?’’

यमुनाबाई आधी सांगेनात. मग म्हणाल्या, ‘‘मॅडम, ओरडू नका. तुमचीच पावडर देते. ती बिनवासाची मिळते ना, ती. मासळीचं पानी काढते, तिखट नाय, नुसतं मीठ-हळद. गाळते, थंडं करते, मग त्यात घालते. गरम असताना घातली तं फुटते.’’

कोमट झाल्याशिवाय पावडर घालायची नाही, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. यमुनाबाईंना त्यांच्या टोपाने शिकवलं. मी तरीही म्हणाले, ‘‘हे चार्टमध्ये बसत नाही.’’ आणि महिन्याभराने डॉक्टरांच्या बैठकीत ‘स्थानिक चवीनुसार केलेला बदल’ अशा नावाखाली हीच गोष्ट मी माझी म्हणून सांगितली. टाळ्या पडल्या. यमुनाबाईंचं नाव कुठेच नव्हतं. फाइलवरचा तो शेराही मी खोडला नाही.

निवृत्त झाले आणि वर्षभरात आमच्याच घरात पेशंट तयार झाला.

आमचे हे, सुधाकर, आयुष्यभर पाणी खात्यात होते. मूळ मालवणकडचे, जन्म बोरिवलीचा, पण चिडले की मालवणीत शिरतात. घास अडकतो म्हणायला लागले, तेव्हा पहिले दोन महिने मी त्यांना ‘नीट चावून खा’ सांगत होते. बत्तीस वेळा चावा म्हणे! अन्ननलिकेत गाठ निघाली. हे वाक्य मी इथे झटकन लिहिलंय, कारण त्याच्यावर फार वेळ थांबायची ताकद मला आजही नाही.

सर्जन भला माणूस. म्हणाला, ‘‘आधी केमो, मग ऑपरेशन. पण ऑपरेशन मोठं आहे. वजन असंच उतरत राहिलं, तर मला पुढे ढकलावं लागेल. आणि फार ढकलता येणार नाही.’’ मग माझ्याकडे बघून हसला. ‘‘खाण्याचं तुम्हाला काय सांगायचं, मॅडम! तुम्ही आहात म्हणून मी निश्चिंत आहे.’’

मीही होते. टॅक्सीत यांचा हात धरून म्हणाले, ‘‘काही काळजी करू नका. हा माझा विषय आहे.’’

घरी येताच फ्रिजवर चार्ट चिकटवला. सहा वेळा, सहा ग्लास, सहीचा रकाना. घरात पेशंट एक आणि नातेवाईक एक. मी औषधांच्या, रिपोर्टांच्या मागे बाहेर जायची, म्हणून सही यांनीच करायची, असं ठरलं. मोबाइलवर सहा गजर लावले. वजनकाटा पलंगाशेजारी. गॅलरीतून कुणाशी बोलत असले, तरी मी आतून ओरडायची, ‘‘अहो, अकराचा!’’ समोरच्या इमारतीतले लोक माझ्या आवाजावर घड्याळ लावत असतील.

हे कधी कुरकुर करायचे नाहीत. ग्लास घ्यायचे, ‘ठेव, पितो’ म्हणायचे. थोड्या वेळाने ग्लास रिकामा आणि फ्रिजवर वळणदार सही. सु. रा. परब. इतका गुणी पेशंट मला एकतीस वर्षांत मिळाला नव्हता. मुलगी बंगलोरहून फोन करायची, तिला मी अभिमानाने सांगायची, ‘‘बाबा एकही ग्लास चुकवत नाहीत.’’

आणि वजन उतरत होतं. पहिल्या आठवड्यात किलोभर. मी म्हटलं, काटा बिघडलाय. नवीन काटा आणला. तो जुन्याच्याही पाव किलो खालचं दाखवायला लागला. मग मला पावडरीचा संशय आला. दुकानातून दुसरा डबा आणला. मग चमचे वाढवले. दुसऱ्या केमोपर्यंत तीन किलो गेले होते. गालफडं बसली. शर्टाच्या कॉलरमध्ये मान सैल फिरायला लागली. माझ्या टेबलापुढे बसून शेकडो बायकांनी मला सांगितलं होतं, ‘मॅडम, सगळं देते हो, तरी अंगाला लागत नाही’ आणि प्रत्येकीला मी म्हटलं होतं, ‘नीट देत नसाल.’ आता मी हेच वाक्य फोनवर सर्जनला बोलत होते, आणि तो माझ्यापेक्षा सभ्य असल्यामुळे गप्प होता.

त्या आठवड्यात बेसिन तुंबलं.

दोन दिवस मी काठी घालून, उकळतं पाणी ओतून बघितलं. हे खुर्चीतून बघत होते, पण एक शब्द बोलले नाहीत. जन्मभर अख्ख्या उपनगराचं पाणी सांभाळलेला माणूस स्वतःच्या घरच्या तुंबलेल्या बेसिनबद्दल काही बोलत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. शेवटी प्लंबरला बोलावलं. इब्राहिमभाई, आमच्या सोसायटीचे नेहमीचे, गोवंडीहून येतात. त्यांनी खालचा पाइप उघडला, बादली लावली, आणि आतून दह्यासारखा पांढरा घट्ट गोळा बादलीत पडला. त्यांनी वास घेतला.

‘‘मॅडम, इसमें आइसक्रीम कौन डालता है?’’

‘‘आइसक्रीम?’’

‘‘सूंघो ना आप. पक्का व्हॅनिला.’’

मी वास घेतला. तो वास मी ओळखला नसता, तर दुसऱ्या कुणी ओळखायचा? मी बादलीकडे बघितलं, फ्रिजवरच्या सह्यांकडे बघितलं, मग यांच्याकडे बघितलं. हे वर्तमानपत्र वाचत होते. उलटं धरलं नव्हतं, पण पान मात्र शेअर बाजाराचं होतं, ज्यात त्यांना काडीचं कळत नाही.

इब्राहिमभाई जाईपर्यंत मी कशीबशी थांबले.

‘‘सगळे?’’

‘‘सगळे नाही. सकाळचा थोडा प्यायचो.’’

‘‘आणि सह्या?’’

‘‘तू सही करायला सांगितलंस. पिऊन सही करायची, असं लिहिलेलं नाही.’’

मी बोलायला लागले ते थांबेचना. सर्जन काय म्हणाला, किती दिवस उरले, माझी मेहनत, मुलीला काय तोंड दाखवू. त्यांनी सगळं ऐकलं. मग उठून, भिंतीला धरून उभे राहिले. आवाज क्षीण होता, पण मालवणी खणखणीत.

‘‘तू माका जेवूक घालतंस की माझो पंचनामो करतंस? सकाळपासून ग्लास, काटो, सही. हॉस्पिटलातसून सुटी मिळता, तुझ्याकडसून मिळणा नाय!’’ मग धाप लागली म्हणून खाली बसले आणि साध्या आवाजात म्हणाले, ‘‘तू एकदा तरी प्यायलीस का गं हे? एक दिवस पिऊन दाखव. सहा ग्लास. दुसरं काही नाही. सही मी करतो.’’

‘‘पिते की!’’ मी म्हटलं. ‘‘त्यात काय आहे?’’

एकतीस वर्षांत मी ती पावडर चमचाभर चाखली होती, कंपनीची माणसं नमुना घेऊन यायची तेव्हा. एसी खोलीत, हसतहसत, वर बिस्किट खाऊन. त्या चमच्याच्या जोरावर मी आता आखाड्यात उतरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातचा पहिला ग्लास मी उभ्या उभ्या संपवला आणि ओठ पुसून यांच्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. त्यांनी शांतपणे सही केली. नऊचा जरा सावकाश गेला. जिभेवर साय धरल्यासारखं झालं, चूळ भरली तरी जाईना. अकराच्या ग्लासाला मला कळलं, की हा सकाळी कालवून ठेवला की तासाभरात कोमट-गार होतो आणि मग त्याला फाटलेल्या दुधासारखा एक मागचा वास येतो. मी तो नाक दाबून घेतला. ‘औषध समजून प्या’, हे तिन्ही शब्द मला ऐकू आले, माझ्याच आवाजात. साडेबाराला शेजारच्या नाईकांकडे बांगडे तळायला सुरुवात झाली. मी खिडकी लावून घेतली. वास खिडकीला जुमानत नव्हता. आणि मला तर घास गिळता येत होता, तोंडाला चव होती, अंगात केमोचं विष नव्हतं. मी नुसती भुकेली, धडधाकट बाई होते.

दोनचा चौथा ग्लास मी हातात घेऊन अर्धा तास घरभर फिरले. हे डोळे मिटून पडले होते. मी हळूच बेसिनपाशी गेले. ग्लास तिरका केला.

‘‘सावकाश ओत गो,’’ मागून आवाज आला. ‘‘वरसून पाणी सोड, नायतर परत तुंबतला.’’

मी वळले. हे दारात उभे होते, लुंगी एका हाताने धरून. माझ्या हातात ग्लास, निम्मा ओतलेला.  आधी हे हसले. आजार निघाल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता ठसका लागला, मी पाठ चोळायला धावले, आणि पाठ चोळता चोळता मलाच रडू फुटलं. दोघं बेसिनपाशी एकमेकांना धरून उभे. ग्लास तेवढा मध्ये.

‘‘काय द्यायचं तुम्हाला?’’ मी विचारलं. ‘‘तुम्ही सांगा. काय घ्यावंसं वाटतंय?’’

माझ्या हॉस्पिटलच्या फॉर्मवर पेशंटची उंची होती, वजन होतं, रक्तातली प्रथिनं होती, कशाची अॅलर्जी आहे ते होतं. हा प्रश्न नव्हता. तो फॉर्म मीच तयार केला होता.

‘‘सोलकढी,’’ हे म्हणाले.

आता सोलकढी आंबट, आणि आंबटात दुधाची पावडर फाटणार, हे मला पाठ आहे. तरी करून बघितली. गुलाबी चोथा तयार झाला. आम्ही दोघांनी त्याच्याकडे आदराने बघितलं आणि तो टाकून दिला, या वेळी कचऱ्याच्या डब्यात. मग कॉफीत घालून बघितली, कडक आणि बर्फासारखी थंड. ती गेली. तांदळाची पेज पातळ करून, गाळून, कोमट झाल्यावर बिनवासाची पावडर आणि मीठ. तीही गेली. ग्लास कपाटात ठेवून दिले आणि छोट्या स्टीलच्या वाट्या काढल्या. तासातासाला एक वाटी. नको वाटलं, तर नको, अर्ध्या तासाने पुन्हा विचारायचं. माझ्या हातातही एक वाटी असायची, त्यांना एकट्याने पिताना नको व्हायचं म्हणून. त्यामुळे माझं वजन दोन किलो वाढलं. घरात कुणाचं तरी वाढायला लागलं, असं हे म्हणायचे.

चार्ट मी फाडला नाही, एवढी माझ्यात क्रांती झाली नाही. मागची बाजू केली आणि त्यावर हे आपल्या हाताने लिहायला लागले, काय गेलं नि काय नाही गेलं. ‘कॉफी बरी. पेज फक्कड. चॉकलेटचं नको, खडूसारखं.’ मी लिहिलेल्या हजारो चार्टांपेक्षा तो कागद उपयोगी होता.

पहिल्या आठवड्यात वजन थांबलं. मग अर्धा किलो वर आलं. मग आणखी थोडं. सर्जनने तारीख दिली.

ऑपरेशन सात तास चाललं. बाहेरच्या खुर्चीत मुलगी होती आणि मी. मला त्या दिवशी यमुनाबाई फार आठवल्या. त्यांचा नवरा पुढे कसा राहिला, ते मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नव्हतं, त्यांचं माझ्याकडे येणं संपलं आणि माझ्या लेखी ती केस संपली.

हे वाचले. तीन आठवडे पोटातल्या नळीतून तीच पावडर आत गेली. त्याला चवीचा प्रश्न नव्हता, तर हे नर्सला म्हणाले, ‘‘असं आधीच दिलं असतंत, तर आमचं बेसिन वाचलं असतं.’’ आता ते थोडं थोडं, दिवसातून सात-आठ वेळा खातात. दर सहा महिन्यांनी तपासणी असते, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही दोघं एकमेकांशी उगाच जास्त गोड वागतो. पुढचं कुणाला माहीत!

मागच्या महिन्यात संध्याकाळी बेल वाजली. बी विंगमधले शिरोडकर दारात, हातात पावडरीचा डबा. त्यांच्या आईला पावडर सुरू केली होती. मी ओळखीचं हसले, चष्मा सारखा केला, ‘या, बसा, मी सांगते’ म्हणणार, एवढ्यात ते म्हणाले, ‘‘मॅडम, परबकाका आहेत का? त्यांना जरा विचारायचं होतं. सगळे म्हणतात, त्यांना यातलं चांगलं कळतं.’’

मी बाजूला झाले. म्हटलं, ‘‘आहेत. बोलावते.’’ आणि चहा टाकायला आत गेले.

आतून मला यांचा आवाज ऐकू येत होता. थंड करा, थोडं थोडं द्या, वगैरे चाललं होतं. मग शिरोडकर म्हणाले, ‘‘पण काका, आई नको म्हणतच नाही. घेते, आणि आम्ही वळलो की ठेवून देते. असं का करते?’’

 हे हळू आवाजात म्हणाले, ‘‘मी पण तेच करायचो ना. आमची ही सकाळी लवकर उठून, मोजून-मापून करायची. चेहरा एवढा आशेने भरलेला. तो बघून मला नको म्हणताच यायचं नाही. तिला वाटलं, मी हट्टी आहे. तुम्ही आईला आधी सांगा, की नको म्हटलंस तरी आम्ही रागावणार नाही.’’

मी गॅस बारीक करून तशीच उभी राहिले. मग तीन कप भरले आणि बाहेर नेले. शिरोडकरांनी कप घेतला आणि माझ्याकडे वळून विचारलं, ‘‘मॅडम, काका म्हणतायत ते बरोबर आहे ना?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं, ‘‘ते सांगतील तसं करा,’’ आणि मीही ऐकायला बसले.